धूर दिसला की यायचं

परवाच्या रविवारी सकाळी मी सुकापूरच्या मागच्या रस्त्याकडेला वाकून वाकून पिशवीभर पाला खुडला, घरी आणला आणि गड जिंकून आल्यासारखा ओट्यावर ओतला. "भांबुर्डा," मी जाहीर केलं. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यातली एक डहाळी उचलली, दोन बोटांत चुरडली, नाकाशी नेली आणि होती तिथे परत ठेवली.

"हा भांबुर्डा नाही."

मी मोबाईल काढला. पानाचा फोटो दाखवला की झाडाचं नाव सांगणारी एक सोय त्यात आहे. "हे बघ. स्वच्छ लिहिलंय."

"अहो, वास घ्या आधी. भांबुर्डा पिशवीत असला ना, तर जिन्यातच बायका विचारतात, काय, आज पोपटी वाटतं? ह्याला नुसता गवताचा वास येतोय. उद्या सगळ्या बिल्डिंगचं पोट बिघडलं तर तुमचा मोबाईल येणार आहे का निस्तरायला?"

आता सांगायची गोष्ट म्हणजे मी पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो आणि बारावीतल्या निवडक मुलांसाठी 'संशोधन आणि युक्तिवाद' नावाचा एक वर्ग घेतो. दरवर्षी त्या वर्गातलं माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: एका ठिकाणी वाचलं म्हणून खरं मानायचं नाही, दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. माझ्या बाबतीत विचारण्यासारखं दुसरं माणूस घरातच होतं. भाजी निवडत बसलं होतं. मी न विचारता चपला घालून निघून गेलो होतो.

पाला कचऱ्याच्या डब्यात गेला. वालाच्या शेंगा, अंडी आणि कुंभाराकडून आणलेलं कोरं मडकं मात्र तसंच ओट्यावर राहिलं, आणि त्यांच्याकडे बघत मेधाने खरा प्रश्न विचारला. "पण गच्चीवर पोपटी लावायचं हे खूळ आलं कुठून? दरवर्षी आपण घरतांकडे जातो की."

"यंदा फोन नाही आला," मी म्हणालो. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असा आवाज बायकोला फसवत नाही, हेही मला आता माहीत असायला हवं होतं.

---

आमच्या भागातला हिवाळा तसा नावापुरताच. स्वेटर कपाटातून बाहेर येतो, खुर्चीच्या पाठीवर दोन महिने बसतो आणि परत कपाटात जातो. पण संध्याकाळची हवा बदलते. डंपरांच्या धुळीचा वास जरा खाली बसतो आणि त्याच्यावर कुठून तरी जळक्या पेंढ्याचा, ओव्याचा, भाजल्या शेंगांचा वास तरंगत येतो. बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागतात. मग ज्याला त्याला एकच सुचतं. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधूनमधून अंडी, बटाटे, खाणाऱ्यांसाठी मसाला चोळलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा गच्च पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मग बसायचं. पोपटीतलं मुख्य काम म्हणजे हे बसणं. शेंगा काय, घरी कुकरमध्येही शिजतात.

मी मूळचा इथला नव्हे. नोकरीसाठी आलो, नवीन पनवेलात फ्लॅट घेतला, आणि बरीच वर्षं पोपटी हा मला हॉटेलच्या पाटीवर वाचायचा पदार्थ वाटत होता. ती मला पहिल्यांदा खरी कळली ती मानसी घरत नावाच्या मुलीमुळे, आणि तीही खाऊन नाही, तपासायला घेतलेल्या प्रकल्पातून.

ज्या थंडीत हा वर्ग पहिल्यांदा सुरू झाला ती थंडी अजून माझ्या अंगात आहे. वर्ग माझ्याकडे का आला, याबद्दल दोन मतं आहेत. माझ्या मते माझ्या अभ्यासामुळे. स्टाफरूमच्या मते, चहात आलं असावं की वेलची यावरही मी तास तास वाद घालतो म्हणून. प्रयोगशाळेशेजारची खोली मिळाली. तिथे दुपारी उन्हाचा एक तिरपा पट्टा यायचा आणि मुलं आपापली बाकं ओढत त्याच्या मागे सरकायची. तास संपेपर्यंत सगळा वर्ग भिंतीला टेकलेला असायचा.

मुलं हुशार होती. पण वाद घालणं म्हणजे समोरच्याला गप्प करणं, असंच सगळे धरून चालले होते. अथर्व नावाचा एक वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला मुलगा तर समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी "मुळात" म्हणायचा. त्याच्या 'मुळात'पुढे कुणी टिकत नसे. त्याला आवर घालायला म्हणून मी एक नियम केला. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. इतकं नीट सांगायचं की तो स्वतः म्हणाला पाहिजे, "हो, असंच." तो 'असंच' म्हणेपर्यंत आपली पाळी येत नाही.

पहिला सराव साध्या विषयावर ठेवला: कॉलेजात मोबाईल आणू द्यावा की नाही. अथर्व द्यावा या बाजूने, मानसी देऊ नये या बाजूने. अथर्वने मानसीची बाजू सांगितली. मानसी म्हणाली, "असं नाही." त्याने पुन्हा सांगितली. "जवळ आलास, पण असं नाही. मी मोबाईल वाईट म्हटलंच नाही. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण माझ्याशी बोलत नाही, असं म्हटलं." तो घामाघूम झाला. घंटा झाली तेव्हा अथर्वची स्वतःची बाजू मांडायची राहूनच गेली होती. जाताना मला म्हणाला, "सर, हे फार स्लो आहे." मी म्हणालो, "हो, असंच." त्याला ते आवडलं नाही.

मानसी शेवटच्या बाकावर बसणारी. केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी, आणि 'असं नाही' म्हणताना मान किंचित वाकडी. वडील बंदराकडच्या एका कंपनीत नोकरीला, घर सुकापूरला चौथ्या मजल्यावर. मूळ गाव उलव्याच्या बाजूला. जिथे त्यांचं वालाचं शेत होतं तिथे आता विमानतळाची भिंत आहे. संशोधनाचा विषय ठरवायच्या दिवशी तिने कागदावर एकच ओळ लिहून आणली: आमची पोपटी का बंद पडली?

मी चष्मा वर केला. खाली केला. "मानसी, हा विषय जरा... घरगुती आहे. याला पुस्तकं कुठून आणणार? आपण असं करू, 'पनवेल परिसरातील बदलती खाद्यसंस्कृती'."

"चालेल सर," ती म्हणाली. नंतर तिने माझं शीर्षक पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलं आणि आत स्वतःलाच हवा तो प्रश्न सोडवला. विद्यार्थी आपलं ऐकतात, असं शिक्षकांना वाटतं ते याच पद्धतीमुळे.

---

हकीकत अशी होती. शेतावर भराव पडण्याच्या आधीच्या शेवटच्या थंडीत मानसीच्या काकांनी त्या शेतात पोपटी लावली. सगळा गाव आला. मानसीचे बाबा आले नाहीत. ते नुकतेच सुकापूरला राहायला गेले होते. काकांनी मनात धरलं: शेताची शेवटची पोपटी, आणि पाठचा भाऊ फ्लॅटात गेला तर आला नाही. बाबांनी मनात धरलं: शेताची शेवटची पोपटी, आणि मला बोलावलं नाही. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटलंही असतं. दोघं नुसते बोलायचे थांबले. पुढच्या वर्षापासून काकांनी मडकं काढलंच नाही.

"मग तुला आत्ताच हे का शोधायचंय?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "पल्लवीताईची हळद आहे, सर. उन्हाळ्याच्या आधी. काकांची मुलगी. आम्ही एका ताटात जेवलोय. बाबा म्हणतात, पत्रिका आली तर तू जा, मी येणार नाही. काकांकडून पत्रिका येणार नाही, कारण त्यांच्या मते घरच्यांना पत्रिका देत नाहीत." मग ती म्हणाली, "आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी असते, सर. ताईच्या हळदीला मी नसले तर ते आयुष्यभर राहील."

या मुलीला गुण नको होते, उत्तर हवं होतं. इतकी वर्षं शिकवताना माझ्याकडे असा विद्यार्थी क्वचितच आला होता. त्यामुळे मी थोडा घाबरलो. शिकवायचं ते सगळं शिकवलं: दोघांना एकच प्रश्न विचार, त्याच शब्दांत. उत्तर ऐकताना चेहरा कोरा ठेव. त्यांचेच शब्द लिहून घे, सुधारू नकोस. आणि 'का' विचारण्याआधी 'कसं' विचार. 'का' विचारलं की माणूस स्वतःचा वकील होतो. 'कसं' विचारलं की आठवायला लागतो.

काकांनी पुतणीला कॉलेजचं काम म्हणून समोर बसवून घेतलं. घरची पोरगी कॉलेजचं काम घेऊन आली म्हणून शेजाऱ्यांनाही बोलावलं. तिने विचारलं, पूर्वी पोपटीला लोकांना बोलवायचं कोण? आणि कसं?

काका हसायला लागले म्हणे. "बोलवायचा? आमी कोनाला बोलावत नाय. धूर दिसला का मानूस येतो. घरच्याला आवतान देतात काय?"

दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत धापा टाकत स्टाफरूमच्या दारात आली. माझ्या तोंडात पोळीचा घास होता. "सर, सापडलं," ती म्हणाली. "धूर!" आतल्या सगळ्यांनी दचकून मीटरच्या खोलीकडे पाहिलं.

तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. सुकापूरच्या तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला. फोटोत समोरच्या बिल्डिंगची गॅलरी होती, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, एक पाण्याची टाकी, आणि कोपऱ्यात बोटभर आभाळ.

"आमच्या घरातून एवढंच दिसतं, सर."

मी तो टॉवेल बराच वेळ बघत राहिलो. इतिहासाचा माणूस मी. कागदपत्रं, शिलालेख, बखरी यांनाच पुरावा म्हणत आलो. कुणाच्या तरी दोरीवरचा टॉवेल दोन भावांची बाजू एकाच वेळी घेऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

---

सादरीकरणाच्या शनिवारी पालकांना बोलावलं होतं. मी दाराशी स्वागताला. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ आले आणि उजवीकडच्या कोपऱ्यात बसले. थोड्या वेळाने पांढऱ्या शर्टातले, जरा वयस्कर, दुसरे आले आणि डावीकडच्या कोपऱ्यात बसले. दोघांचं नाक एक, कान एक. मला वाटलं, लोक लाजतायत.

"अहो, असे लांब लांब काय? या, पुढे या!" म्हणत मी दोघांनाही हाताला धरून पहिल्या बाकावर आणून बसवलं. तो बाक सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी केलेला. दोघांचे गुडघे एकमेकांना लागले. "तुम्ही भाऊ भाऊ दिसता अगदी," मी उत्साहाने म्हणालो. फळ्यापाशी मानसी पांढरीफटक पडली होती, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण आता उठवायचं कसं? मी मागे जाऊन पंख्याचा वेग वाढवला. थंडीत.

मानसीने सुरुवात माझ्या शीर्षकाने केली आणि लगेच ते बाजूला ठेवलं. "आधी मी काकांची बाजू सांगते," ती म्हणाली. "चुकलं तर काकांनी थांबवायचं." आणि तिने सांगितली. शेताचा शेवटचा वाल. मडकं लावताना काका सारखे रस्त्याकडे बघत होते. अंडी जास्तीची घातली होती, कारण भावाला अंडी आवडतात. मडकं फोडायला उशीर केला, लोक ओरडले तरी. आणि शेवटी ती अंडी कुणीच खाल्ली नाहीत.

"काका, असंच ना?"

काकांनी मान खाली घातलेली. "हां," ते म्हणाले. "असाच."

"आता बाबांची बाजू." तो रविवार. बाबा सकाळपासून कपडे करून बसलेले. फोन चार्जिंगला लावलेला, आवाज मोठा करून. आईने दोनदा विचारलं, तुम्हीच करा ना फोन. ते म्हणाले, शेत दादाचं हाय, तो बोलवील. संध्याकाळी ते गच्चीत गेले. गच्चीतूनही काही दिसलं नाही. परत आले आणि त्यांनी शर्ट काढून घडी करून ठेवला.

मग तिने भिंतीवर तो फोटो दाखवला. गॅलरी, टॉवेल, टाकी, बोटभर आभाळ. म्हणाली, "ज्यांच्यासाठी धूर होता, त्यांना तो दिसत नव्हता. बोलवायची पद्धत शेतातली होती आणि घर चौथ्या मजल्यावर होतं. खोटं कुणीच बोलत नाहीये, हा माझा निष्कर्ष आहे. बाबा, असंच ना?"

तिच्या बाबांनी नुसती मान हलवली.

मग त्या बाकावरून काकांचा आवाज आला, भिंतीवरच्या फोटोकडे बघतच. "चवथ्या माल्यावरशी धूर दिसत नाय, ह्यो मना कोनी सांगलाच नाय."

"फोन करायचास, दादा."

"घरच्याला?"

"घरच्यालाच करतात, दादा."

एवढंच. मिठ्या वगैरे काही नाही. काकांनी मला नळ कुठे आहे विचारलं आणि तोंड धुवायला गेले. अथर्व माझ्या शेजारी उभा होता. तो 'मुळात' म्हणाला नाही. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करत म्हणाला, "सर, पंखा कमी करू का?"

पुढच्या रविवारी काकांनी भावाला फोन केला. बोलावलं नाहीच. "धूर केलाय," म्हणाले आणि फोन ठेवला. मानसीचे बाबा होते तसे, घरच्या अर्ध्या चड्डीत निघाले. विमानतळामुळे वसलेल्या नव्या वसाहतीतल्या काकांच्या अंगणात मडकं लागलं होतं. त्याच संध्याकाळी मानसीने मला फोन केला: "सर, काका म्हणतात, धूर केलाय." मी आणि मेधा गेलो. काका मडक्यावर पाण्याचा हबका मारायचे आणि थेंब चर्रकन उडाले की म्हणायचे, "झाली." मेधाच्या हातात त्यांनी मूठभर खरा भांबुर्डा दिला होता. हळदीत मानसी इतकी नाचली की पुढचे दोन दिवस तिचा आवाज बसला होता. तोंडी परीक्षेत मी तिला लिहून उत्तरं देऊ दिली.

तेव्हापासून दर थंडीत तो फोन यायचा. यंदा नाही.

---

"मानसी कुठे असते आता?" मेधाने शेंगा कुकरमध्ये टाकायच्या की नाही, अशा घोळात विचारलं.

"पुण्याला. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. दर थंडीत घरी यायची, यंदा परीक्षा चालू असेल."

"म्हणजे फोन करणारी इथे नाही. मग तुम्ही केलात?"

"मी कसा करणार? बोलावणं त्यांनी..." इथे मी थांबलो. आपलं वाक्य आपल्याच कानावर आलं की कधी कधी फार वाईट दिसतं.

मेधाने शेंगांची परात खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "आता काकांची बाजू मांडा," ती म्हणाली. "ते 'असंच' म्हणतील अशी."

मी प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. त्यात माझंच दुःख डोकावत होतं. माणसं बदलतात, काम झालं की मास्तर कोण विचारतो, वगैरे. मेधा म्हणाली, "असं नाही." मान तिचीही किंचित वाकडी होते, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मग मी काकांच्या अंगणात मनाने जाऊन बसलो. मडकं लागलंय. काका रस्त्याकडे बघतायत. त्यांच्या हिशेबाने मास्तर दरवर्षी येतो, बायकोला घेऊन येतो, अंगणातल्या बाजेवर पाय घेऊन बसतो, दुसऱ्यांदा मागून घेतो. त्याला आता काय...

मी फोन उचलला.

"सर!" पलीकडे पोरांचा गलका, कोंबड्यांचा आवाज. "कुठं हाव? मडका भरायला घेतलाय."

"काका, यंदा फोन नाही आला, म्हणून मला वाटलं..."

पलीकडून काकांचं ते हसण्याच्या आधीचं खाकरणं. "घरच्याला फोन करतात काय, सर?"

याचं उत्तर मला पाठ होतं. मीच तर त्या वर्गात उभा राहून ऐकलं होतं. पण मी नुसतं "निघतो" म्हणालो.

आम्ही गेलो. आमचं कोरं मडकं, शेंगा आणि अंडी गाडीत घालून गेलो, आणि काकांनी ती सगळी आपल्या मडक्याशेजारी दुसरं मडकं म्हणून लावली. मानसीचे बाबा जाळ सारत होते. त्यांच्या पुढ्यात अंड्यांची टरफलं पडली होती. डोक्यावरून एक विमान गेलं, कुणी वर पाहिलं नाही. मी सकाळच्या पाल्याची हकीकत सांगितली तेव्हा दोघं भाऊ एकाच नाकाने हसले.

उजेड जायच्या सुमाराला परत निघालो. मेधाच्या मांडीवर पुडक्यात भांबुर्डा होता, आणि सगळ्या गाडीला त्याचा वास येत होता. ती सीटला मान टेकून बसली होती. मला वाटलं, दमली. मग खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "काकांची बाजू छान मांडलीत. आता माझी मांडा. मी 'असंच' म्हणेपर्यंत गाडी थांबवायची नाही."

मी घसा साफ केला. तिने वाकून गाडीचा काटा पाहिला आणि म्हणाली, "नको, आधी पेट्रोल भरून घ्या."